ऐरोलीतलं मिक्सिंग स्टेशन: दोन ड्रमच्या हट्टापासून एकशे साठ लिटरपर्यंत

घर ऐरोलीत, सात मजली इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. हॉलमध्ये चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, खालच्या कपाटात सम्प (पाणी गाळून परत वर पाठवणारी जोडटाकी), दोन्ही मिळून साधारण ३०० लिटर पाणी. आत क्लाउनफिशची जोडी, दोन डॅमसेल, क्लीनर कोळंब्या, गोगलगायी, आणि झोअँथिड, लेदर अशी मऊ प्रवाळं. दगडी प्रवाळ नाहीत. ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात आणि या घराने तो मोह आवरला आहे. टाकीचं सगळं बघतात त्या ताई शाळेत शिकवतात, यजमान बँकेत आहेत, शिवाय घरात सासूबाई. मी ठाण्यात अशा टाक्यांची कामं करतो. मला फोन आला तो एवढंच विचारायला, की दोनशे लिटरचे निळे ड्रम स्वस्तात कुठे मिळतील.

ड्रम कशाला हवेत, हे विचारल्यावर खरी तक्रार कळली. मासे ठणठणीत होते, पण पाणी बदललं की तीन-चार दिवसांत एखादी कोळंबी आडवी व्हायची. गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी उताण्या पडायच्या. यजमानांचं निदान असं, की बादलीत मीठ नीट विरघळत नाही. मोठं मिक्सिंग स्टेशन केलं, म्हणजे वर आरओच्या पाण्याचा ड्रम, खाली खाऱ्या पाण्याचा, मध्ये पंप आणि चार व्हॉल्व्ह, की प्रश्न सुटेल.

स्टेशन हवं होतं यात वाद नाही. दर रविवारी वीस-वीस लिटरच्या बादल्या स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत नेऊन ताईंची कंबर धरली होती, तेवढं एक कारण पुरे. पण कोळंबी मरायचं कारण बादली नव्हती. ते न शोधता ड्रम आणले असते, तर तेच पाणी दोनशे लिटरच्या मापाने तयार झालं असतं.

आधी खारटपणा तपासला. त्यांच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबावरून खारटपणा मोजायचं यंत्र होतं आणि ते साध्या पाण्याने शून्यावर बरोबर लावलेलं होतं. बरेच जण इथेच थांबतात. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५वर बरोबर असेलच असं नाही, आणि आपल्याला वाचायचं असतं ३५. समुद्राच्या पाण्यात हजार ग्रॅमला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २५ अंश तापमानाला विशिष्ट गुरुत्व १.०२६च्या आसपास. यंत्र तिथे तपासायला विकतचं द्रावण मिळतं, घरीही होतं: ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप, यंत्र तेच वाचतं) ३५च्या समुद्रजलाइतकाच येतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते बनवलं आणि यंत्रात थेंब टाकला, तर रेघ ३२वर. म्हणजे यंत्रावर ३५ दिसेपर्यंत मीठ टाकलेली बादली प्रत्यक्षात ३८ची होती.

ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशोब करून बघा. ३०० लिटरमध्ये ३८चं ३० लिटर पाणी घातलं तर टाकीचा खारटपणा अर्ध्या अंकानेही हलत नाही. त्याहून मोठा चढउतार बाष्पीभवनाचा होता. पंख्याखालच्या उघड्या टाकीतून उन्हाळ्यात रोज चारेक लिटर पाणी उडत होतं आणि ते दोन-तीन दिवसांनी एकदम भरलं जात होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून खारटपणा ३५चा ३६ आणि परत ३५ असा झोके घेत होता. कोळंबीला हे आवडत नाही, पण एवढ्याने ती दर रविवारनंतर नेमाने मरणार नाही.

मग भरायचं पाणी कुठून येतं ते विचारलं. “आरओचंच की,” ताई म्हणाल्या आणि सिंकवरच्या प्युरिफायरकडे बोट दाखवलं. त्या यंत्रावर मोठ्या अक्षरांत ‘कॉपर’ असं छापलेलं होतं.

पिण्याच्या पाण्याचा आरओ आणि टाकीचा आरओ यांचा पडदा (मेम्ब्रेन) एकच असतो, हेतू मात्र उलटे. प्यायच्या यंत्रात पडद्यातून आलेलं पाणी बेचव लागू नये म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, खनिजांचं काडतूस लावतात आणि हल्ली तांब्याचंही. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी मुळातच हलकं. त्या दिवशी नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ७०च्या आसपास होता आणि प्युरिफायरचा ४५. एवढा खटाटोप करून निम्माही उतरला नव्हता.

खरी गोम तांब्याची. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५पर्यंत चालवून घेतात. माणसाला त्याने काही होत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमला, आणि त्या मात्रेत मासा तगतो पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ तगत नाहीत. म्हणूनच ते औषध मुख्य टाकीत कधी टाकत नाहीत. इथे मासे धडधाकट आणि बिनकण्याचे तेवढे मरत होते, त्यामुळे बोट तिकडेच जात होतं. शिवाय रोज चार लिटर म्हणजे अडीच महिन्यांत अख्ख्या टाकीएवढं पाणी नुसतं भरण्यातून आत गेलेलं. पाणी उडून जातं, तांबं जात नाही. त्यात रविवारच्या तीस लिटरची भर.

त्याच दिवशी प्युरिफायरचं पाणी बंद केलं, सम्पमध्ये तांबं शोषणारं रेझिन ठेवलं आणि स्टेशन होईपर्यंत तयार डीआय (रेझिनने उरलेसुरले क्षारही काढलेल्या) पाण्याचे कॅन आणायचं ठरलं.

सासूबाईंचे दोन प्रश्न

सासूबाई दिवा गावच्या आगरी. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आणि दोन्ही रास्त होत्या. पहिली: समोर एवढी खाडी असताना पाणी विकत कशाला करायचं? ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर दर्जा मिळाला, हिवाळ्यात हजारोंनी रोहित (फ्लेमिंगो) उतरतात, म्हणजे पाणी जिवंत आहे हे खरंच. पण ते जिवंतपण गाळातल्या शेवाळाचं आणि सांडपाण्यातून येणाऱ्या खताचं आहे. पावसाळ्यात तिथला खारटपणा पार खाली येतो, आणि काठावर ठाणे-बेलापूर पट्ट्याचे कारखाने आहेत. रोहितांना मानवतं ते प्रवाळाला मानवेल असं नाही.

दुसरा प्रश्न जास्त खोलातला. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, आणि ही पंचवीस किलोची मिठाची बादली बघून त्यांना हसू आवरत नव्हतं. समुद्राचंच पाणी आटवून मीठ होतं, मग ते परत पाण्यात टाकलं की समुद्र का होत नाही? उत्तर त्यांच्याच बोलण्यात होतं. मीठ धरल्यावर वाफ्यात उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचे, असं त्या सांगत होत्या. तो कडवटपणा मॅग्नेशियमचा. पाणी आटताना आधी चुन्याचे क्षार बसतात, मग जिप्सम, मग खायचं मीठ, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम शेवटच्या पाण्यात राहतं. मिठागरात नेमकं मधलं तेवढं ठेवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळपास १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४००च्या वर कॅल्शियम असतं. टाकीच्या मिठात पैसे जातात ते हे सगळं योग्य प्रमाणात परत घालायचे. सासूबाईंना पटलं. भाव मात्र पटला नाही, आणि तो मलाही पटत नाही.

वजन

यजमानांनी जागा ठरवून ठेवली होती: ड्राय बाल्कनी, कठड्याला लागून, कारण नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायची जाळी) तिकडे. दोनशे लिटरचे दोन ड्रम एकावर एक, लोखंडी स्टँडवर. ड्रमचा व्यास जेमतेम ५८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचारशे किलो वजन पाव चौरस मीटरच्या जागेवर. घरांच्या बाल्कनीसाठी आयएस ८७५मध्ये धरलेला भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो. यजमान बँकेतले, त्यांनी लगेच गणित मांडलं: बाल्कनी तीन बाय आठ फूट, सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे एकूण पावणेसातशे किलो चालतं, आपण सव्वाचारशेवर आहोत.

गणित बरोबर, पण तो भार पसरून धरलेला असतो. पुढे काढलेल्या स्लॅबवर कडेचं वजन सगळ्यात वाईट, कारण भिंतीपासून जितकं लांब तितका मुळाशी ताण जास्त. त्याच बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, कपडे वाळत घालायला माणूस उभा राहतो. आणि वर पाहिलं तर सातव्या मजल्याच्या बाल्कनीच्या पोटाला तपकिरी डाग आणि एका सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग. खाडीकाठच्या हवेत वीस वर्षं काढलेल्या इमारतीत खालचा स्लॅब वरच्यापेक्षा वेगळा असेल असं मानायला काही आधार नव्हता. ड्रमचा बेत तिथेच रद्द केला.

स्वस्त निळ्या ड्रमबद्दल तुटकच सांगतो. तुर्भे-रबाळे पट्ट्यात ते ढिगाने मिळतात, पण आधी त्यात काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि एचडीपीई प्लॅस्टिक रसायन शोषून धरतं. धुऊन वास गेला तरी भरवसा नाही. अन्नासाठी चालणारी नवीन टाकीच घ्यावी.

मुळात एवढं पाणी लागतंच कुठे? आठवड्याला दहा टक्के म्हणजे ३० लिटर खारं, भरायला २८ ते ३० लिटर शुद्ध. म्हणजे आठवड्याला ६० लिटर आरओ-डीआय. कधी गडबड झाली आणि पाचवा हिस्सा पाणी एकदम बदलावं लागलं, तर ६० लिटर खारं. यावरून ठरलं: शुद्ध पाण्याला १०० लिटरची टाकी, खाऱ्याला ६० लिटरची. दोन्ही चौकोनी, शेजारी शेजारी, घराच्या भिंतीला चिकटून, जिथे खाली तुळई आहे. स्टेशन बघायला येणारे आता म्हणतात, एवढंसंच? एवढंसंच पुरतं. मोठ्या टाकीत उरलेलं खारं पाणी शिळं होतं, आणि रिकामी जागा दिसली की आपण ती भरतोच.

जुळणी

शंभर लिटरची टाकी विटांच्या दोन भिंतींवर टाकलेल्या कडप्प्यावर, जमिनीपासून दीड फूट वर. साठ लिटरची खाली, जमिनीवर. वरच्या टाकीच्या तळाशी कॉक, त्यातून पाइप खालच्या टाकीत. शुद्ध पाणी आपल्या वजनाने उतरतं, त्याला पंप लागत नाही. खालच्या टाकीत पाण्यात बुडणारा, चुंबकी फिरकीचा, सिरॅमिक दांड्याचा पंप. त्याच्या नळीला टी: एक कॉक उघडला की पाणी त्याच टाकीत फिरून मीठ विरघळतं, दुसरा उघडला की लांब नळीने हॉलमधल्या टाकीपर्यंत जातं. कूलरचा पंप चालेल का, हे सगळेच विचारतात. त्याचे उघडे स्क्रू महिन्याभरात गंजतात आणि तो गंज पाण्यात उतरतो, म्हणून नको.

प्लंबरभाऊ अनुभवी होते आणि अडचण तीच होती. पिशवीतून त्यांनी पितळी निपल, सुताची गुंडी आणि सफेद्याचा डबा काढला. मी म्हटलं, भाऊ, यातलं काहीच नको. ते म्हणाले, “साहेब, टेफलॉनवर गळलं तर मला बोलवायचं नाही.” शेवटी टँक निपल, एल्बो, युनियन सगळं यूपीव्हीसी, आट्यांना टेफलॉन टेप, बाकी जोड सोल्युशनचे. पितळेत तांबं असतं आणि सफेदा कशाचा बनवलाय ते डब्यावर कधीच धड लिहिलेलं नसतं. सोल्युशन सुकायला पूर्ण एक दिवस दिला, मग साध्या पाण्याने भरून रात्रभर ठेवलं आणि ते पाणी फेकलं.

टेफलॉनवर गळलं नाही, टँक निपलवर गळलं. रबरी वॉशर आतल्या बाजूला नीट बसलेला, पण टाकीला भोक पाडताना कडेला प्लॅस्टिकची बारीक कुसं राहिली होती. ब्लेडने खरवडून परत बसवल्यावर थांबलं. घट्ट आवळून गळती थांबवायचा मोह होतो, त्याने वॉशर बाहेर पिळवटतो आणि जास्तच गळतं.

आरओचं यंत्र दुरुस्तीवाल्याकडूनच सुट्या भागांतून जोडून घेतलं: गाळ अडवणारं काडतूस, कार्बन, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) पडदा, बूस्टर पंप, शेवटी रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनचा डबा. टीडीएस अॅडजस्टर नको, मिनरल नको, तांबं नको, हे त्याला तीनदा सांगावं लागलं, कारण त्याच्या लेखी ते वगळणं म्हणजे कामात खोट. बूस्टर मात्र हवाच. गच्चीवरच्या टाकीपासून सहाव्या मजल्याच्या नळापर्यंत सात-आठ मीटर उंची, म्हणजे पाऊण बार दाब. पडद्याला चारेक बार लागतात. वरच्या मजल्यांवर ‘आरओ चालतच नाही’ अशी जी तक्रार असते, ती बहुतेक याचीच.

असं यंत्र तासाला बारा लिटर देतं आणि त्याच्या तिप्पट सोडून देतं. साठ लिटरला १८० लिटर सांडपाणी, उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवसांत हे डोळ्यांत भरतं. त्याची नळी वॉशिंग मशीनशेजारच्या पिंपात सोडली. लादी पुसणं आणि फ्लश त्यावर निघतं. यंत्र आठवड्यातून एकदाच, सलग पाच तास चालवायचं. रोज थोडं थोडं नको, कारण बंद पडद्यातून सुरुवातीला येणारं पाणी जास्त टीडीएसचं असतं आणि तेच डीआयचं रेझिन संपवतं. पहिली दोन-तीन मिनिटं डीआयला वळसा घालून पाणी पिंपात सोडायचं.

मीठ घालण्याची रीत

शनिवारी रात्री पाणी तयार, रविवारी सकाळी मीठ. साठ लिटरला साधारण २ किलो ३०० ग्रॅम. आधी पाणी, पंप सुरू, मग वाटीवाटीने मीठ. मिठावर पाणी ओतायचं नाही: घट्ट काल्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुना बनतात, तो परत विरघळत नाही आणि पाणी दुधट राहतं. पाण्याला हीटर नको, आपल्या हवेत उलट ते गार कसं ठेवायचं हाच प्रश्न असतो. पाणी स्वच्छ दिसल्यावर खारटपणा मोजायचा, आणि मोजमाप ३५च्या द्रावणावर लावलेल्या यंत्रानेच. नंतर पंप बंद आणि झाकण. पंप दिवसेंदिवस फिरत ठेवला की अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) उतरते आणि पंपावर पांढरं कवच धरतं.

जुलैत ताईंचा फोन आला: तेवढंच मीठ, तेवढंच पाणी, आणि खारटपणा ३३. मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड असतात, ते ऐरोलीच्या पावसाळी हवेतून पाणी ओढतात. बादलीचं झाकण रोज उघडं राहत होतं, म्हणजे वजनात मीठ कमी आणि ओल जास्त येत होती. आता मीठ रबरी कडेच्या हवाबंद डब्यात असतं आणि पावसाळ्यात वजनापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास.

सगळ्यात धोक्याचा भाग तो वरच्या टाकीचा कॉक. तो उघडा राहिला तर शंभर लिटर खाली उतरून साठची टाकी ओसंडते, वर तरंगणाऱ्या फ्लोटला टाकी रिकामी वाटते, आरओ सुरू होतो आणि पाचव्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. म्हणून आरओचं यंत्र आपोआप सुरू होईल असं ठेवलं नाही. स्विच हाताने लावायचा, घरात कुणी असेल तेव्हाच, त्यावर सहा तासांचा टायमर. कॉकची मूठ काढून खिळ्याला टांगलेली असते, काम असेल तेव्हाच बसवायची. भांडीवाल्या मावशींना मूठ हा प्रकार आधी गमतीचा वाटला, आता त्याच ती जागेवर आहे का बघतात. प्लग पाण्याच्या पातळीच्या वर, वायरीला खाली झोळ, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा स्विच). मिठाचं पाणी वायरीवरून चढत जातं, वाळतं, पांढरी रेघ सोडतं. दर महिन्याला ती ओल्या फडक्याने पुसावी लागते.

पाणी बदलल्यानंतर कोळंबी मरायचं थांबलं. नव्या कोळंब्यांनी कात टाकायला सुरुवात केली, झोअँथिड पूर्ण उघडतात. टाकीचा खारटपणा ३४.५ ते ३५.५ यांच्यात राहतो, कारण शुद्ध पाणी आता सम्पमध्ये रोज थोडं थोडं पडतं. नवीन पाण्याचा हॉलपर्यंतचा प्रवास नळीतून, तेव्हा बादली उचलायची वेळ येत नाही. यजमानांचा दोन ड्रमचा विषय अधूनमधून निघतो, तेव्हा ताई त्यांना बाल्कनीत नेऊन वर बघायला सांगतात.

मे महिन्यात ताई आठवडाभर माहेरी, रत्नागिरीला जातात. तेव्हा बाष्पीभवन सगळ्यात जास्त. त्यासाठी शंभर लिटरची टाकी आदल्या रात्री पूर्ण भरायची, आरओचा मुख्य नळ बंद, खाऱ्याची टाकी रिकामी करून पंपासह व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन उपडी. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि सम्पच्या काचेवर लाल टेपची एक रेघ: पाणी तिच्याखाली गेलं तर वरच्या टाकीतलं घालायचं, स्वयंपाकघरातलं नाही.